गल्ली बंद पडते तेव्हा: वस्तीत बायकांचा मदतगट कसा उभारायचा, कसा चालवायचा

दगडफेक दोन तास चालते, बंद मात्र आठ दिवस पुरतो. शटरं खाली, पीएमपीची शहरबस दुसऱ्या रस्त्याने वळवलेली, रिक्षावाला कोपऱ्यावरच उतरवून निघून जातो. धुणीभांड्याला जाणाऱ्या बाईचे खाडे सुरू होतात. तान्ह्याचं दूध दुसऱ्या दिवशी संपतं, आजीची बीपीची गोळी तिसऱ्या. या आठ दिवसांना लागणारं सगळं शांततेच्या महिन्यांत तयार ठेवायचं आणि वेळ आली की ते घरोघर पोचवायचं, एवढंच या गटाचं काम. जमाव अडवणं, पोरांची समजूत घालायला चौकात उभं राहणं, दोन बाजूंच्या मध्ये साखळी करणं, यातलं काहीही या लेखात नाही. ज्या बाईला डोक्यात दगड लागला ती दुसऱ्या दिवशी औषधं वाटू शकत नाही.

पुण्यात याची गरज काय, असं पेठेत किंवा कोथरुडात राहणाऱ्याला वाटू शकतं. जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून शहरात बस फुटल्या, दुकानं बंद झाली. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा इथे हिंसा झाली आणि ३ तारखेला राज्यभर बंद होता. अशा प्रत्येक वेळी ज्यांचं पोट हातावर त्यांना सगळ्यात जास्त झळ लागते, मग ते कुठल्याही बाजूचे असोत.

आधी उभारलेलं आणि नंतर उभारलेलं यातला फरक पाहायचा तर भिवंडीकडे पाहा. १९७० आणि १९८४ अशा दोन दंगलींत पोळलेलं ते गाव. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे पोलीस आणि दोन्ही समाजांतले रहिवासी एकत्र बसतील अशा मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२-९३ च्या त्या दोन महिन्यांत मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मुंबईच्या मोहल्ला समित्या दंगलीनंतर आल्या. चांगलं काम त्यांनीही केलं, पण मेलेली माणसं मोजून झाल्यावर.

गटात कोण असावं

दर २५-३० घरांमागे एक बाई. तीनशे घरांच्या वस्तीत दहा ते बारा जणी पुरतात. पंधराच्या वर गेलात की बैठकीत नुसता गलका होतो. नवीन मंडळ काढायच्या भानगडीत पडू नका. बचत गट, भिशी, बुद्धविहारातला महिला वर्ग, शेजारच्या गल्लीत कुराण शिकवणाऱ्या आपा, कचरा गोळा करणाऱ्या ताया, नळकोंडाळ्यावर नंबर लावणारी जी एक असतेच ती, यांच्यातूनच माणसं निवडा. कचरा वेचणाऱ्या ताईला रोज प्रत्येक दार माहीत असतं; कुठल्या घरात चूल पेटली नाही हे तिला अंगणवाडी सेविकेच्याही आधी कळतं.

आशाताई आणि अंगणवाडी सेविका गटात हव्याच, पण प्रमुख म्हणून नको. तणावात त्यांना वरून ड्युटी लागते आणि नेमक्या त्या दिवशी गट पोरका होतो. नगरसेवकाच्या किंवा इच्छुकाच्या घरातली बाई खजिनदार करू नका. ती कितीही भली असो, निवडणुकीच्या वर्षात लोक तिच्या हातचा तांदूळ मोजून घेतात.

मुख्य अट एकच: वस्तीत जितक्या प्रकारची घरं आहेत तितक्या प्रकारच्या बाया गटात हव्यात. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, मातंग, ख्रिश्चन, भाड्याने राहणारे बिहारी, जे असतील ते. आणि एकेकट्या नाही, दोन-दोन. एकटी असली की ती तोंडी लावण्यापुरती होते, अवघड गोष्ट बोलत नाही. मणिपूरच्या मैरा पैबी घ्या. मशाली घेऊन रात्रीची गस्त घालणाऱ्या या मैतेई बायकांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आधी दारूविरुद्ध आणि मग सशस्त्र दलांच्या अत्याचारांविरुद्ध जे केलं त्याला तोड नाही. पण ३ मे २०२३ नंतर मैतेई आणि कुकी-झो या दोन समाजांत हिंसा उसळली तेव्हा दोन्हीकडच्या बायकांचे गट आपापल्या बाजूला राहिले. सैन्याच्या वाटा अडवल्याचे आरोप त्यांच्यावर झाले आणि पलीकडच्या बाईला त्यांचा आधार उरला नाही. ताकद कमी नव्हती, पण गटात पलीकडची बाई नव्हती.

बैठक हळदीकुंकवाला जोडू नका. सोयीचं वाटतं, पण विधवा, मुस्लिम आणि ख्रिश्चन बाया पहिल्याच दिवशी बाहेर राहतात. अंगणवाडीची खोली, दुपारी तीन ते चार, महिन्यातून एकदा. त्या वेळी पाणी भरून झालेलं असतं आणि पोरं शाळेतून यायची असतात. गटाचं नाव वस्तीच्या किंवा गल्लीच्या नावावरून ठेवा. झेंडा, फोटो, घोषवाक्य काही नको.

वही

दोनशे पानी एक वही, आडव्या ओळींची. पहिल्या रकान्यात घराचा खुणेचा क्रमांक. गल्लीला अक्षर, घराला आकडा: क-१, क-२. पुढे माणसं किती, पाच वर्षांखालची किती, साठीवरची किती, गरोदर असेल तर कितवा महिना, रोजचं औषध असेल तर पाकिटावरचं नाव आणि मात्रा जशीच्या तशी, शिधापत्रिकेचा रंग, गॅस आहे की स्टोव्ह, आणि वस्तीबाहेरच्या एका नातेवाइकाचा फोन. कामाला कुठल्या भागात जाते हेही लिहा. बंद पडल्यावर कोण कुठे अडकलं हे त्यावरूनच कळतं.

धर्म, जात आणि आडनाव लिहायचं नाही. १९८४ च्या दिल्लीतल्या शीखविरोधी हिंसेत मतदारयाद्या हातात घेऊन घरं शोधली गेली, हे चौकशी आयोगांपुढच्या साक्षींमध्ये आहे. तुमची वही चुकीच्या हातात पडली तर तिचीही तशीच यादी होऊ नये, म्हणून अक्षर आणि आकडा. कुठलं अक्षर म्हणजे कुठली गल्ली हे फक्त डोक्यात ठेवा. वहीचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकणारी एक तरी निघतेच, तिला आधीच बजावा. दुसरी प्रत वस्तीबाहेर, म्हणजे जनता वसाहतीतल्या गटाची येरवड्यात आणि येरवड्याची जनता वसाहतीत, अशी ओळखीच्या बाईकडे ठेवा.

वही दर तीन महिन्यांनी तपासा. भाडेकरार अकरा महिन्यांचे असतात, त्यामुळे भाडेकरूंच्या वस्तीत वर्षभरात निम्मी वही खोटी होते. मे महिन्यात गावी गेलेले जूनमध्ये परततात, तेव्हा एक फेरी हमखास. शिवाय १ जानेवारी, शिवजयंती, १४ एप्रिल, रामनवमी, ईद, गणेशोत्सव यांच्या आधीच्या आठवड्यात औषधांचा रकाना पुन्हा भरा. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले होते. अशा वर्षी तर महिनाभर आधी.

पैसा

घरटी महिना २० रुपये. १२० घरांनी दिले तर २,४०० होतात, दहा महिन्यांत २४,०००. मोठी रक्कम नाही, पण सगळ्यांची आहे. म्हणून मागताना कुणाची मान खाली जात नाही. खातं तिघींच्या नावावर, पैसे काढायला कुठल्याही दोघींच्या सह्या. ५,००० रुपये रोख घरात ठेवा, त्यातही १०, २०, ५० आणि १०० च्याच नोटा. इंटरनेट बंद झालं की स्कॅनर नुसता कागद होतो, आणि दार अर्धं उघडून दूध देणारा डेअरीवाला पाचशेची मोड देत नाही. रोख एकीकडे, तिचा हिशेब दुसरीकडे.

वस्तीबाहेर पावतीपुस्तक घेऊन वर्गणी मागायची तर गणपती मंडळांसारखी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. आपसातल्या भिशीला ती भानगड नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाचे पैसे गटाच्या खात्यात घेऊ नका, परकीय देणग्यांचा कायदा नोंदणी नसलेल्या गटाला ते घेऊ देत नाही. पुढाऱ्याकडून धान्य आलं तर घ्यावं का? घ्यावं. पिशवीवर फोटो नसेल, वाटताना बॅनर नसेल आणि वाटप तुमच्या यादीने होणार असेल तर. यातलं एकही मान्य नसेल तर हात जोडून परत पाठवा. नंतर बोलणी खावी लागतात ती या एका गोष्टीवरून.

शिधा, पाणी, स्वयंपाक

आपत्तीतल्या मदतीची जगभर चालणारी मापं अशी: माणशी दिवसाला २,१०० कॅलरी आणि १५ लिटर पाणी. पाच माणसांच्या घराला सात दिवसांचा शिधा त्या हिशेबाने असा बसतो: तांदूळ ७ किलो, गव्हाचं पीठ ७ किलो, तूर किंवा मूगडाळ अडीच किलो, तेल दीड लिटर, साखर १ किलो, शेंगदाणे अर्धा किलो. मीठ १ किलो, चहापूड पाव किलो, तिखट-हळद, एक काडेपेटी, कपड्याचा एक साबण आणि अंगाचा एक, सॅनिटरी पॅडचं एक पाकीट हे वेगळं. वजन २० किलोच्या वर जातं. ते एका पोत्यात भरू नका. बोळातून नेणारी बाई असते, आणि मोठं पोतं लांबूनच नजरेत भरतं. दोन कापडी पिशव्या करा.

आधीच साठवायचा तो फक्त सर्वांत अडलेल्या दहा घरांचा. बाकीच्यांसाठी दोन किराणा दुकानदारांशी बोलून ठेवा, एक या बाजूचा आणि एक त्या बाजूचा. मागच्या दाराने माल द्यायचा आणि पैसे महिन्याने घ्यायचे, असा शब्द दुकानदार शांततेत देतो. शटर खाली गेल्यावर तो फोनही उचलत नाही. रेशनचं धान्य आता कुठल्याही रास्त भाव दुकानातून उचलता येतं. घर सोडून हडपसरला बहिणीकडे गेलेल्या कुटुंबाला तिथल्याच दुकानात पाठवा; कार्डाला आधार जोडलेलं असलं की झालं.

पाच माणसांना दिवसाला ७५ लिटर पाणी. म्हणजे २०० लिटरचा पिंप तीन दिवसही पुरत नाही. टँकरवर जगणाऱ्या गल्ल्या वहीत वेगळ्या नोंदवा, कारण ड्रायव्हर तणावात गाडी आत घालत नाही. तुंबलेल्या पाण्यामागून जुलाब येतात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे चहाचे, सपाट म्हणजे सपाट. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो, कमी झालं तर एवढं बिघडत नाही.

शिजवलेलं अन्न कुणासाठी? ज्यांचं घरच गेलं त्यांच्यासाठी आणि अडकून पडलेल्या मजुरांसाठी. बाकीच्यांना कोरडा शिधा द्या. प्रत्येक बाईला आपल्या चुलीवर आपल्या हाताने शिजवायचं असतं, त्यात तिचा मानही राहतो. शंभर माणसांच्या खिचडीला तांदूळ ८ किलो, मूगडाळ ३ किलो, तेल १ लिटर, मीठ साधारण ३५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, पाणी ३५ ते ४० लिटर. पातेलं किमान ६० लिटरचं लागतं. लग्नाची भांडी भाड्याने देणाऱ्याशी आधी बोला. शिजवायला दोन्हीकडच्या बाया उघड्यावर एकत्र बसू द्या. ‘कुणाच्या हातचं’ हा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, ताट मात्र बाजूला सरकवतं. रमजान चालू असेल तर सहेरीची पाकिटं रात्रीच पोचवा. शिजवल्यापासून चार तासांनी उरलेलं टाकून द्या, जीव कितीही तुटला तरी.

बातमी आणि अफवा

बारा जणींपैकी एक दोघींना फोन करते, त्या दोघी प्रत्येकी तिघींना, म्हणजे नऊ जणींपर्यंत निरोप गेला. उरलेल्या तिघींपैकी एक वहीपाशी बसते आणि दोघी राखीव. ही साखळी महिन्याच्या बैठकीत घड्याळ लावून करून पाहा. व्हॉट्सअॅप गट असेल तर त्यावर फक्त अॅडमिननाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. सदस्याने काही भडकाऊ टाकलं म्हणून निव्वळ अॅडमिन असल्यामुळे बाई गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण तेवढ्यावर विसंबून राहायचं कशाला?

कुठलीही बातमी आली की तीन प्रश्न: स्वतः कुणी पाहिलं? नेमकं कुठे? किती वाजता? ‘सगळे म्हणतात’ आणि ‘माझ्या दिराच्या मित्राने’ ही उत्तरं नाहीत. दोन बाजूंच्या दोघींनी पाहिल्याशिवाय गट काही पुढे पाठवत नाही, आणि खोटी निघालेली बातमीही वहीत वेळेसकट लिहून ठेवतो. चार-पाच नोंदी झाल्या की अफवा कुठल्या कोपऱ्यातून सुटते ते दिसायला लागतं.

पोलिसांना ११२ वर किंवा ठाणे अंमलदाराला फोन करताना वीस सेकंदांत सांगा: ठिकाण, ओळखीची खूण, अंदाजे किती माणसं, हातात काय, कुठल्या दिशेने. कुठल्या समाजाची, हे सांगायचं नाही. बहुतेक वेळा ते अंदाजाने असतं आणि अंदाज चुकला की तुमचंच नाव घेतलं जातं. चौकीत जायचं ते दोघींनी, दोन वेगळ्या घरांतल्या. कुणाची नावं द्यायला गट जात नाही. ज्याला तक्रार द्यायची त्याच्या सोबतीला जातो. एकदा ‘खबरी’ म्हणून शिक्का बसला की दारं बंद होतात. पोलीस ठाण्याची शांतता समिती सणांच्या आधी भरते. तिथे पांढऱ्या कपड्यांतल्या पुरुषांचीच गर्दी असते. गटाच्या दोघींची नावं त्या समितीत लेखी अर्जाने मागून घ्या.

पहिला तास, पहिले तीन दिवस

आधी मुलं. शाळेतून कोण कुणाची पोरं आणणार हे वहीत ठरलेलं असावं, आणि शाळेलाही त्या बाईचं नाव कळवलेलं असावं. नाहीतर शाळा मूल सोडत नाही, आणि सोडूही नये. मग बाहेर कामाला गेलेल्या बाया: कोरेगाव पार्क किंवा औंधला गेलेलीने वस्तीत शिरायची घाई न करता नातेवाइकाकडे थांबलेलं बरं. मालकिणीला त्याच दिवशी फोन करायला लावा, ‘ताई, रस्ता बंद आहे, दोन दिवस जमणार नाही.’ न सांगता चार दिवस गेले की काम जातं, आणि दंगलीत घर वाचलेल्या किती तरी बायांचं नुकसान होतं ते असं.

तरण्या पोरांना अंधाराआधी घरात घ्या. रात्री पोलिसांचं कोंबिंग ऑपरेशन, म्हणजे झडती आणि धरपकड, होतं आणि गल्लीत जो सापडेल तो उचलला जातो. उचललं तर नेलेली वेळ, गाडीचा नंबर, कुठल्या ठाण्यात हे वहीत लिहा. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते, आणि जबाबासाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही. तो तिच्या घरी घ्यायचा असतो. हे भांडून सांगायची गरज नसते. शांतपणे कलमाचा आकडा सांगितला, नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) ४३ आणि १७९, की बहुधा पुढचं बोलणं बदलतं.

जमावबंदी आणि संचारबंदी यांत गल्लत करू नका. जमावबंदीत पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही, एकटंदुकटं बाहेर पडता येतं. संचारबंदीत घराबाहेरच पडायचं नाही. आदेश नव्या संहितेच्या कलम १६३ खाली निघतो, जुनं १४४ ते हेच. किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ खाली. कुठल्या रस्त्यापासून कुठल्या रस्त्यापर्यंत, किती वाजेपर्यंत, दूध-औषधाला सूट आहे का, हे आदेशात वाचा. शिधावाटपाची रांग जमावबंदीत गुन्हा होऊ शकते. म्हणून वाटप घरोघर, दोघी-दोघींनी, सकाळी सहा ते आठ.

औषधांत सगळ्यांची घाई सारखी नसते. फिटच्या गोळ्या, इन्सुलिन, टीबीची औषधं आणि डायलिसिस ही पहिल्या रांगेत. यांत एक खाडाही नको. फिटची गोळी एकदम तुटली तर झटका येतो. टीबीची चुकत गेली तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. सध्या वापरात असलेली इन्सुलिनची बाटली ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. वीज गेली आणि एप्रिल असेल तर पिशवीत गुंडाळून माठाच्या आत कोरड्या भांड्यात ठेवा, बर्फाला चिकटवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. नववा महिना लागलेलीला तणावाची चाहूल लागताच ससून किंवा कमला नेहरू रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाकडे हलवा. १०८ ची गाडी बोळात येत नाही. मुख्य रस्त्यावरची एक जागा ठरवा आणि माणसाला तिथपर्यंत हात असलेल्या खुर्चीत बसवून न्या. कुठल्या दोन घरांत अशी दणकट खुर्ची आहे, तेही वहीत असू द्या.

सार्वजनिक शौचालय हा बायांचा खरा धोक्याचा रस्ता. भीतीने बाया दिवसभर पाणी पीत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. रात्री नऊ आणि पहाटे पाच, चौघी-चौघींची पाळी, दोन बॅटऱ्या. दिवा गेला असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात त्याच दिवशी तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा.

एखादीवर अत्याचार झाला असेल तर आधी दवाखाना, मग बाकीचं. कुठलंही रुग्णालय, सरकारी असो की खासगी, मोफत उपचार नाकारू शकत नाही. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही त्याच मुदतीत. शक्य असेल तर आंघोळ न करता न्या. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा कुजतो. तक्रार कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येते. तिचं नाव वहीत येत नाही, खुणेचा क्रमांकही नाही. माहीत असलेल्या दोघी, तिसरी नाही. तिला तक्रार द्यायचीच नसेल तर तो तिचा निर्णय, गटाने दामटायचं नाही. महिला हेल्पलाइन १८१.

पंचनामा आणि त्यानंतरचे महिने

जळालेलं, फुटलेलं साफ करायची बायांना घाई होते. घर घाणेरडं दिसतं ना. थांबवा. आधी चारही कोपऱ्यांतून फोटो, मग प्रत्येक वस्तूचा वेगळा, हातगाडी असेल तर तिच्या परवान्यासह. नुकसानीची यादी त्याच रात्री करा. दुसऱ्या दिवशी पितळी डबे आठवत नाहीत आणि आठव्या दिवशी भलतंच जास्त आठवतं. पंचनामा होताना घरची बाई हजर हवी, पुरुष नसला तरी चालतं. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, कोऱ्या कागदावर तर नाहीच. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. पंचनाम्यात ‘किरकोळ नुकसान’ असा शब्द असेल तर तिथेच आकडा लिहायला सांगा. पुढे भरपाई अडते ती त्या एका शब्दावर. रिक्षा जळाली असेल तर विमा पाहा. फक्त थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर दंगलीचं नुकसान बहुधा त्यात येतं, पण कंपनीला लगेच कळवलेलं हवं.

वकिलासाठी शिवाजीनगरच्या न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००. कागद जळू नयेत म्हणून शांततेतच आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळेचा दाखला डिजिलॉकरमध्ये किंवा निदान दोन फोनांत फोटो करून ठेवावेत.

सगळ्यात लांब चालते ती खरेदीबंदी: ‘त्यांच्याकडून भाजी घेऊ नका.’ ईशान्य केनियातल्या वाजिरमध्ये १९९२-९३ च्या सुमारास टोळ्याटोळ्यांत हिंसा चालू होती आणि बाजारातही एका टोळीच्या बाया दुसरीला फिरकू देत नव्हत्या. देखा इब्राहिम अब्दी आणि तिच्या सोबतच्या बायांनी सुरुवात तिथून केली. बाजारात कुणालाही विकता आणि घेता यावं म्हणून त्यांनी देखरेखीची समिती नेमली, भांडण झालं की जागच्या जागी मिटवलं. तहाची बोलणी पुढची. आपल्याकडे याचं रूप साधं आहे: गटातल्या बायांनी ठरवून पलीकडच्या गाडीवरून मेथीची जुडी घ्यायची, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, आठवड्यातून तीनदा. कुणी टोकलं तर ‘स्वस्त आहे’ एवढंच म्हणायचं. भाषण केलं की वाद होतो, स्वस्त म्हटलं की दुसरीही रांगेत येते.

गट कशाने मोडतो

एकीच्याच खांद्यावर सगळं आलं की. पाळी आठ तासांची, तिसऱ्या दिवशी प्रत्येकीला सुट्टी, आणि जिचं स्वतःचं घर फुटलं तिला त्या क्षणापासून काम नाही. ती मदत घेणारी. झोप उडाली, सारखं धडधडतं, पोरांवर हात उठतो असं झालं तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, मराठीत बोलता येतं. दुसरं मोडायचं कारण दोन पिशव्या कुणाला गेल्या हे. त्यावर उपाय चिठ्ठीचा: घराच्या क्रमांकाची चिठ्ठी द्या, पिशवी देताना अर्धी फाडून वहीत चिकटवा. तिसरं कारण चौथ्या दिवशी येतं, कॅमेरे आणि पुढारी यांच्यासोबत. तोवर घरात बसलेली कर्ती मंडळी पुढे होतात आणि वाटप त्यांच्या हातात जातं. बोलायचं तर त्यांनी खुशाल बोलावं. वही, किल्ली आणि खातं बायांकडेच राहील, हे पहिल्याच बैठकीत लिहून सह्या घ्या. घरचा पुरुष ‘उद्यापासून जायचं नाही’ म्हणतो तिथे बहुधा सासूशी बोलून काम होतं, नवऱ्याशी नाही.

महिना उलटला की साठा पुन्हा भरा. तांदूळ तीन महिन्यांनी फिरवा, नाहीतर टोके पडतात; कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला तर थोडा जास्त टिकतो. शेंगदाणे खवट होतात, ते आधी काढा. गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा पाहा. तणावातल्या दिवसांची पानं, म्हणजे कोण उचललं गेलं, कोण कुणाकडे लपलं, कुणी काय पाहिलं, वकिलाला विचारून लागतील तेवढी त्याच्याकडे द्या आणि बाकीची चुलीत घाला. हिशेबाची पानं मात्र ठेवा. वर्षभराने कुणीतरी ती मागतंच.